खडूतलं नाव

दादा,

युद्धाला पंचवीस वर्षं होतायत, म्हणून स्मारकावर आता बेपत्ता जवानांचीही नावं कोरायचीत. कोरणारा पाथरवट मीच.

तुझं नाव मी रोज खडूने दगडावर आखतो आणि आई रोज येऊन ओल्या फडक्याने पुसते. "जित्याजागत्या भावाला दगडात घालतोस? हात झडतील मेल्या!" शिव्या खातो, पण बरं वाटतं रे.

परवा समारंभ आहे. आज आई फडक्याशिवाय आली. नावावरून बोट फिरवत म्हणाली, "अक्षरं तिरकी आलीत. नीट काढ. त्याला वाकडंतिकडं खपायचं नाही."

दादा, छिन्नी हातात धरवत नाही. असशील तिथून ये. हवं तेवढं बदड मला, पण ये, आणि आता तूच पूस.

पत्र कुठे पाठवू ते न कळलेला,
तुझा धाकटा