लॉकला लावलेलं कुंकू

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी दुकान धुतलं. कटर, मोठी कात्री, दोन्ही प्रिंटर, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. वडील छपाईच्या जुन्या ट्रेडल मशीनला अंघोळ घालायचे, तीच सवय. यंदा बायकोला म्हणालो, मंगल, लॉकपण ठेव तबकात, सगळा धंदा त्या बोटभर निळ्या तुकड्यावर आहे. खोटं नाही. तो कॉम्प्युटरला लावल्याशिवाय मराठीचं सॉफ्टवेअर उघडत नाही. तिनं ओल्या फडक्यानं पुसला, गंध, कुंकू, अक्षता. मी नारळ फोडला.
पेपरात पहिल्या पानावर बातमी, आता खेडोपाडी ए.आय. येणार. आमच्या ताडकळसला दुपारपासून लाईट नाही.

३ ऑक्टोबर
लॉक लावला. दिवा एकदा लाल झाला अन् गेला. स्क्रीनवर : लॉक सापडला नाही. काढून बघितलं तर तोंडात कुंकवाचा चिखल. काडीनं कोरला, फुंकलं, उन्हात ठेवला. काही नाही. मंगल दारात उभी राहून बघायली. तिला काय बोलणार, मीच सांगितलेलं.
लग्नपत्रिका, बॅनर गेले तर गेले. पण गुरुजींचं पुस्तक त्यात आहे.
सोनकांबळे गुरुजी चौथीला मला शिकवायला होते. आता डोळे गेले, हात कापतात. दोन वर्षं दर बाजारी दुकानात येऊन आपलं आयुष्य सांगायचे, मी थेट टाइप करायचो. कागदावर काही नाही. त्यांना दिसत नाही म्हणून प्रूफसुद्धा काढलं नाही. स्क्रीनवरून वाचून दाखवायचो, ते मान हलवायचे, की पुढं.

६ ऑक्टो.
सॉफ्टवेअरच्या कं.ला फोन. अर्धा तास गाणं ऐकलं, मग एक पोरगी. आवाज गोड. ती आवृत्ती बंद झाली म्हणे, नवा लॉक मिळत नाही. आता दर वर्षाला भरायचं, इंटरनेटवरून चालवायचं. बरं बाई, भरतो, पण जुनी फाईल उघडंल का? "नाही सर." मी म्हणालो, अहो मी विकत घेतलंय ते! तर म्हणाली,
"सर, तुम्ही सॉफ्टवेअर विकत घेतलं नव्हतं. वापरायची परवानगी घेतली होती."
तिची काय चूक. समोर लिहिलेलं वाचत असंल. पण विळा घेतला तर विळा माझा. मोडला तर लोहाराकडं जाईन, विकणारा येऊन पातं काढून नेत नाही. इतकी वर्षं भाडेकरू होतो अन् मालकाच्या थाटात राहिलो.

९ ऑक्टो.
परभणी. मोबाइल दुरुस्तीवाल्यानं लॉक खोलला. आतली चिप जळली. "ओला लावला का हो?" हसायला लागला. पूजेचं सांगितलं तर हसायचा थांबला, त्याच्याच काउंटरवर सोल्डरिंग गनला कुंकू होतं.
दुसऱ्या एका प्रेसवाल्याकडं तेच सॉफ्टवेअर आहे. तिथं लावून बघितलं. ज्या लॉकवर फाईल केली तोच लॉक मागते. बॅकअप होता की, दोन पेनड्राइव्हवर. पण कुलपातली पेटी दोन ठिकाणी ठेवली म्हणून किल्ली मिळते का?

१३ ऑक्टो., बाजार
गु. आले. लेक सुजाता हाताला धरून. गुरुजींचं डायलिसिस चालू आहे, चेहरा सुजलाय. "बालाजी, कुठवर आलं?" छपाईला गेलं म्हणालो. खूश झाले, चहा मागवला, मला पाजला. असला चहा शत्रूला पण नको.

२१ ऑक्टो.
दिवाळी. मेहुणा दत्ता पुण्याहून आला, सॉफ्टवेअरमध्येच आहे. त्याला सगळं सांगितलं. सोपंय म्हणाला. गुरुजींबद्दल जेवढं आठवतं तेवढं ए.आय.च्या मशीनला सांगा, उरलेलं ते त्यांच्याच भाषेत लिहितं, कळणार पण नाही. मोबाइलवर बातमी दाखवली, एक पुस्तक असंच झालंय.
मी ताटावरनं उठलो. मंगल नंतर रागावली, सणासुदीचा पाहुणा. असंल पाहुणा. गुरुजींची धाकटी बहीण कशी मेली ते दत्ताचं मशीन सांगणार? त्याला कुणी सांगितलं? रोजच्या बातम्यांत हेच, हे लिहितं, ते लिहितं. ज्याच्यावर गुदरलं त्याला कुणी विचारंना.

२७ ऑक्टो.
सांगून टाकलं. लॉक, कुंकू, सगळं. सुजाता रडायला लागली. गु.नी तिला गप केलं. मग म्हणाले, "मंग परत लिही. मी हाय की अजून." मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.
आता साध्या फुकटच्या टायपिंगवर. अन् रोजचा रोज कागद काढायचा.

१० नोव्हें.
पंधरा दिवसांत बरंच झालं. मी त्यांच्या घरी जायलोय, त्यांना चालवत नाही. पण पहिल्यासारखं नाही. तेव्हा एक गोष्ट तासभर चालायची, बैलाचा रंग, मास्तरच्या टोपीचा डाग. आता चार वाक्यांत उरकतात. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तर नावंसुद्धा आठवत नाहीत. मी आठवण करून देतो, मग "हां, तेच" म्हणतात.

१७ नोव्हें.
येलदरीचं पान आलं.
मागच्या वेळी एकदाच सांगितलं होतं. धरणाचं काम चालू, आई-बाप मातीकामावर, हे लेकरू पालात, धाकट्या बहिणीला सांभाळायला. गया. तिला ताप. तिनं कायतरी खायला मागितलं. हे आणायला गेले. मूठ भरून पळत आले तर ती गेलेली. आई येईपर्यंत मूठ उघडली नाही. जिथं पुरली तिथं आता पाणी आहे. बायकोला, लेकीला, कुणाला सांगितलेलं नव्हतं. मला सांगितलं, अन् त्या दिवशी चहा न पिता घरी गेले.
आज तिथं येऊन थांबले. म्हणाले, "ते एकदा सांगून झालं बाबा. दुसऱ्यांदा न्हाई व्हायचं माझ्याच्यानं." पाणी मागितलं. मग, "तुला ठावं हाय. तूच लिही."

२४ नोव्हें.
चार दिवस बसतोय. सगळं आठवतंय, पाल, ताप, मूठ. मुठीत काय होतं ते आठवंना. मी स्वतः टाइप केलंय ते, ह्या बोटांनी! पण टाइप करणारा वाचत थोडाच असतो. फाईल समोर आहे. नाव दिसतं, तारीख दिसते, दाबलं की लॉक मागते.
जागा मोकळी सोडू म्हटलं. मोकळी सोडली तर वाचताना तिथं अडखळणार, अन् मला त्यांना विचारावं लागणार. ते होणार नाही माझ्याच्यानंपण.

२९ नोव्हें.
गूळ लिहिलं. कामावरच्या लेकरानं दुसरं काय मागावं. पान बरं उतरलंय. लय बरं उतरलंय, खरं तर. दत्ताला फोन करून सांगावं वाटलं की बाबा तुझ्या मशीनची गरज पडली नाही, इथं एक बसलंय.

८ डिसें.
वाचून दाखवलं. गयानं गूळ मागितला, इथं आलो अन् त्यांच्याकडं बघितलं.  गु.नी उजव्या हाताची मूठ केली, अंगठ्यानं बोटं चाचपली. मग म्हणाले,
"गूळ. गूळच असंल. तू लिहून घेतलेलं तवा."
अन् रडले. डोळे गेलेल्या माणसाला रडताना बघवत नाही. मी नाही म्हणायला हवं होतं. तोंड उघडलं होतं. पण ते हात धरून म्हणाले, उपकार झाले बालाजी, मी तर इसरूनच गेलतो.

१४ डिसें.
सुजाताचा फोन. बाबांनी काल सगळ्यांना बसवून गयाचं सांगितलं. नातवंडांना पण. "दादा, आमाला आत्या होती हेच ठावं नव्हतं." बाबांना येलदरीला जायचंय, पाण्यात गूळ सोडायचाय. डॉक्टर नको म्हणायलेत, पण ते ऐकंनात. मंगळवारी सकाळी जीप सांगितलीय. तुमी पण या म्हणाली, तुमच्यामुळंच झालं. किलोभर गूळ आणून ठेवलाय.

१५ डिसें., बाजार
भाजी घ्यायला गेलो. एस.टी. स्टँडजवळ एक म्हातारी बोरं घेऊन बसलेली, पोत्यावर. चव बघ म्हणून तिनं हातावर चार ठेवली. मी मूठ मिटली, अन् तिथंच थांबलो.
बोरं. गयानं बोरं मागितलेली. पिकली नव्हती म्हणून हिरवीच तोडली, काट्यानं मनगट फाटलं, असं सांगताना गुरुजींनी बाही वर करून मला मनगट दाखवलेलं. पांढरी रेघ आहे तिथं. तीन वेळा बघितलीय मी ती.
का हेपण मीच रचतोय? रेघ तर आहे. पण रेघेला काय, कशानंही पडते. आता माझ्या डोक्याचा मलाच भरवसा नाही. खात्रीनं सांगणारी ती एकच फाईल, अन् तिच्यावर कं.चं कुलूप.
सांगावं तर त्यांचा गूळ मोडतो. ते मरायला टेकलेत अन् साऱ्या जन्मात आत्ता कुठं बोललेत. नाही सांगावं तर गयाला भलतंच काहीतरी द्यायला निघालेत ते, ज्यासाठी ती थांबली होती ते नाही.
सुजाताचा नंबर दोनदा लावला, वाजायच्या आत तोडला. मंगलनं विचारलं एवढी बोरं कशाला.  पिशवी टेबलावर आहे, कीबोर्डशेजारी. जीप उद्या सकाळी सातला मला दुकानापासून घेणार आहे.