दोन कॉलेजांची मागली दारं

नाना, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली आणि गेल्या महिन्यात मला कळलं की त्यानंतरही तुम्ही कॉलेजात जात होता. माझ्या नव्हे. जे आपण सोडलं, त्या. कोणाला सांगावं तर लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागतील, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

ते दिवस आठवतात ना? सिल्वासाला टोकरखाड्याच्या आपल्या क्वार्टरमध्ये एकाच आठवड्यात दोन पाकिटं आली. दोन्ही इंजिनिअरिंग कॉलेजं देशात गाजलेली, पण एकाचं नाव जरा जास्त मोठं. सिल्वासातून कोणी पोरगी अशा ठिकाणी गेलेलीच नव्हती, त्यामुळे आख्खी वसाहत सल्ला द्यायला आपल्या ओट्यावर. सामरवरणीच्या कारखान्यात फिटर असलेले शेजारचे धुळ्याचे काका म्हणाले, "मोठ्या नावाचंच घ्या नाना, कंपनीत पहिले तेच विचारता." मलाही तेच हवं होतं. आई आत तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, आणि तुम्ही शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत होता. मग म्हणालात, आधी दोन्ही बघून येऊ. तुमची बघण्याची पद्धत मला माहीत होती. आत्यांची स्थळं तुम्ही तशीच बघितली होती: न कळवता जायचं, जेवणाच्या वेळेला जायचं, आणि पुढच्या ओटीवर न बसता मागल्या दारी जाऊन बसायचं. पुढे सगळेच हसून बोलतात, असं तुमचं म्हणणं. आई म्हणाली, अहो, कॉलेज आहे, सासर नव्हे. तर तुमचं उत्तर तयार, "चार वर्षं नांदायचं तर आहेच की."

पहिल्या कॉलेजात मला मेली लाज वाटली. तुम्ही मुलींच्या मेसच्या मागच्या पायरीवर शेजाऱ्यांचा गुजराती पेपर घडी करून ठेवलात आणि त्यावर बसलात. मराठी पेपर बुडाखाली घेणं तुम्हाला पटायचं नाही. आत नुसता गोंधळ. लोणच्याच्या बरणीवरून भांडण, कोणीतरी नाटकातलं भाषण पाठ करतंय, एक मुलगी रडतेय आणि तिघी तिला एकाच वेळी तीन वेगळे सल्ले देतायत. एकीने न विचारताच तुमच्या हातात चहाचा पेला दिला. तुम्ही खूश. मी मनात म्हटलं, इथे अभ्यास कधी करतात?

दुसरं कॉलेज बघायला गेलो तो दिवस मी अजून धड सांगू शकत नाही. दुपारी एकची वेळ, स्वच्छ ऊन, मोठमोठी झाडं, रखवालदाराने आपल्याला कोण म्हणूनसुद्धा विचारलं नाही. मेसच्या मागे आलो तर मला वाटलं सुट्टी आहे. सुट्टी नव्हती. मुली एकेक करून येत होत्या, ताट वाढून घेत होत्या आणि ताट घेऊन आपापल्या खोलीत जात होत्या. नुसता चपलांचा आवाज. मग वरून कड्या लागल्याचा आवाज यायला लागला, एक झाली की दुसरी, दुसरी झाली की तिसरी. एवढ्या मुली, आणि माणसाचा आवाज नाही. खरं सांगते, मला ती शांतता आवडली होती. आपल्या क्वार्टरच्या कलकलाटात शिकलेल्या मुलीला तो स्वर्गच वाटणार. पण माझ्या हातावर काटा का आला होता, ते मला तेव्हा समजलं नाही.

मागच्या पायरीवर एक मुलगी ताट मांडीवर घेऊन बसली होती. ताटातलं अन्न वाळून गेलेलं. आपण मराठीत बोलत होतो ते ऐकून तिने वर बघितलं आणि विचारलं, "काका, मला भेटायला आलात का?"

मी तुमची बाही ओढली. तुम्ही ती सोडवून घेतलीत, पेपर पसरलात आणि म्हणालात, "हो. जेवलीस का?"

मी लांब झाडाखाली जाऊन उभी राहिले. तुम्ही तिच्याशी काय बोललात ते मला ऐकू आलं नाही. ती जेवली एवढं दिसलं. वापी स्टेशनवर उतरून घरी येताना बसमध्ये तुम्ही खिडकीबाहेरच बघत होता. मग म्हणालात, "नाव मोठं आहे, बाय. निर्णय तुझा. पण तिथे तू आजारी पडलीस तर कोणाला कळेल?" मी दोन दिवस रागाने जेवले नाही, आणि मग ते गोंधळाचं कॉलेज घेतलं.

पहिल्याच वर्षी संक्रांतीच्या सुमारास दुपारी कॉलेजच्या ऑफिसात फोन आला की शाळेत शिकवता शिकवताच तुम्ही गेलात. मला बॅग भरावी लागली नाही. कोणी कपडे भरले, कोणी तिकीट काढलं, चौघी माझ्याबरोबर थेट सिल्वासापर्यंत आल्या आणि आईच्या स्वयंपाकघरात तिसऱ्या दिवसापर्यंत राबल्या. तुमचं खरं ठरलं होतं, आणि ते ऐकायला तुम्ही नव्हता.

आता गेल्या महिन्यातलं. मी सामरवरणीच्याच एका कारखान्यात आहे. तिथे एक नवी इंजिनिअर आली, त्या दुसऱ्या कॉलेजातली. माझ्यानंतर एक वर्षाने तिथे शिकायला गेलेली, म्हणजे तुम्ही गेल्यानंतरच्या जूनमध्ये. जेवताना मी सिल्वासाची आहे हे कळल्यावर ती म्हणाली, मग तुम्हाला ते काका माहीत असतील. सिल्वासाहून यायचे. दुपारचे मेसच्या मागच्या पायरीवर बसायचे. कोणी एकटी जेवत असली की विचारायचे, जेवलीस का. मी विचारलं, कशावर बसायचे? ती हसली. म्हणाली, गुजराती पेपरवर, पण बोलायचे मराठी. ती चार वर्षं तिथे होती आणि चारही वर्षं ते येत होते. पहिल्या वर्षी ती शिक्षण सोडून घरी जाणार होती, त्यांच्यामुळे राहिली.

मी विचारलं, बाकीच्या मुलींना दिसायचे का ते?

"काय माहीत," ती म्हणाली. "आम्ही एकमेकींशी बोलतच नव्हतो. विचारणार कोणाला?"

तुम्ही माझे वडील होता हे मी तिला सांगितलं नाही, आणि तुम्ही कधी गेलात तेही नाही. ती फार मायेने बोलत होती. भीती वाटली, नाही असं नाही. पण भीतीपेक्षा मत्सर जास्त वाटला, नाना. त्यातली तीन वर्षं मी रोज त्या लोणच्याच्या भांडणात बसून जेवत होते, आणि माझ्याकडे तुम्ही एकदाही आला नाहीत. का आला नाहीत ते मला कळतं. तुम्हीच मला जिथे कोणी एकटं पडत नाही तिथे घातलं होतं.

हा कागद मी कुठल्याच पेटीत टाकणार नाही. फक्त एक सांगते. गेले काही दिवस मी कॅन्टीनमध्ये माझ्याबरोबर जेवणाऱ्या बायकांना काम आहे म्हणून खोटंच सांगते आणि एकटीच जेवायला बसते. सावकाश जेवते.