ताईच्या कंबरेचं माप

५ जून

चि. बेकरीवाल्यास,
अ. उ. आ.

तुझ्या डॉक्टरांनी काल मला तपासलं. रक्त जुळतं, दोन्ही किडन्या ठणठणीत आहेत, त्यातली एक तुला द्यायला माझी ना नाही. ना आहे ती माझ्या पोटाची. यंत्र म्हणतं, माझं वय चौसष्ट, पण शरीराचं बहात्तर. वरची आठ वर्षं कुठून आली, तर म्हणे कंबरेतून. कातडीखालच्या चरबीचं त्यांना फारसं काही नाही, पण आतड्यांना चिकटून बसलेली चरबी सगळं अंग आतून म्हातारं करत असते. मी म्हटलं, या घरात माझ्यापेक्षा जास्त राबणारं कोणी आहे हे ऐकून बरं वाटलं. हसले नाहीत मेले. कंबर उतरवा, तीन महिन्यांनी या, तोवर ऑपरेशनचं नाव काढू नका, एवढंच म्हणाले.

जन्मभर लोकांचे कपडे शिवले, प्रत्येकीचं माप दोन बोटं सैल धरून तिला खूश ठेवलं. स्वतःचं माप काल पहिल्यांदा घेतलं. टेप खोटी आहे म्हणायची सोय नाही, माझीच आहे.

डायलिसिसला गप पडून राहा, नर्सशी हुज्जत घालू नकोस. तुझा लोभ तेवढा आटू देऊ नकोस, बाकीचं मी आटवते.

तुझी ताई

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बहात्तर झाल्याबद्दल अभिनंदन! तू माझ्याहून चार नाही, बारा वर्षांनी मोठी आहेस हे मला लहानपणीच कळलं होतं, यंत्राला आत्ता कळलं.

माझं उत्तम चाललं आहे. तीन दिवस मशिनवर रक्त धुऊन घेतो, उरलेले दिवस भट्टी पेटवतो. तू कशाला उगाच उपाशी मरतेस? सोबत लोण्याचा केक पाठवतो आहे, वर साखरेचा जाड थर आहे. संपला की दुसरा पाठवीन.

आहेस तशी गोल राहावीस, ही विनंती.

तुझा धाकटा

२ जुलै

चि. कटवाल्यास,
अ. उ. आ.

चौथा केक आला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी जाड राहायची, डॉक्टर नको म्हणायचे आणि तू सुटायचास! वा रे वा, काय डोकं! केक मी दुकानातल्या शिवणाऱ्या मुलींना वाटते. त्यांचेच कपडे आता उसवून सैल करायला आलेत. धंदा वाढवल्याबद्दल आभारी आहे.

नुसतं उपाशी राहिलं तर चरबीआधी ताकद जाते आणि माणूस आणखीच म्हातारं होतं, असं डॉक्टर म्हणाले. म्हणून दुकानातल्या दोन जुन्या लोखंडी इस्त्र्या रोज सकाळी खाली-वर करते. शेजारणीनं विचारलं, कोणाला मारायचा बेत आहे. मी तुझं नाव सांगितलं.

आता खरं काय ते लिही. रागावले असले तरी तुझीच,

ताई

१० जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मला भीती वाटते गं. माझी नाही, तुझी. आईला ऑपरेशनला आत नेलं, तेव्हा मला मांडीवर घेऊन तू दाराबाहेर बसली होतीस. ती परत आली नाही. तुला आत न्यायचं माझ्यासाठी? मला मशिन चालेल, तुझ्याशिवाय नाही चालणार. जाड राहा, म्हातारी राहा, पण राहा.

तुझा धाकटा

६ सप्टेंबर

चि. घाबरटास,
अ. उ. आ.

काल यंत्रानं सहासष्ट सांगितलं. दोन वर्षं अजून जास्तीची आहेत, पण डॉक्टरांना चालतात. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली आहे. केक पाठवून आता काही उपयोग नाही.

आईचं मीही विसरलेले नाही. भीती मलाही वाटते, खूप वाटते. म्हणूनच तर त्या इस्त्र्या उचलल्या, आणि परत येईन ना, हे डॉक्टरांना इतक्यांदा विचारलं की ते मला बघून दार लावून घेतात. पण तू त्या मशिनला बांधलेला असताना मी इथे बसून काज-बटणं करत राहू, हे मला जमणार नाही.

माझा निळा झगा आता अंगावर राहत नाही. दोन्ही बाजूंनी आत घेतला आणि निघालेल्या कापडाचा तुला भट्टीसाठी एप्रन शिवला, तो सोबत आहे. नाडी डाव्या बाजूला बांधायची केली आहे. उजवीकडे तुला टाके असतील. तिथे मी राहायला येते आहे, जागा आवरून ठेव.

तुझी ताई