साहेबांचा फोन

१४ मार्च, दुपार

चि. बारक्या,

आशीर्वाद. तुझी मंडळी आणि पोरी बऱ्या असतील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून तुझ्या मेहुण्याच्या हाती हा कागद पाठवतोय. उद्या सकाळी तो तुझ्या दारात असेल.

अण्णांची पित्ताशयाच्या ऑपरेशनची जखम सुकली. ताप मात्र हटत नाही. आज शुद्धीवर आहेत. खाटेजवळच्या कपाटाचं दार खाली घासतं, त्यावरून नर्सबाईंना म्हणाले, "कुठल्या सुताराने लावलंय हे? पाठवा त्याला माझ्याकडे." त्या हसल्या. मला काही हसू येईना.

तुझा राग करायचा नाही असं रोज देवासमोर ठरवतो आणि दवाखान्याची पायरी चढेपर्यंत विसरतो. आज लिहूनच टाकतो.

ताप चढला त्या दिवशी तू ओळख काढलीस. तुझ्या साहेबांचा थेट वॉर्डात फोन. "आपला माणूस आहे, लगेच भारीतलं इंजेक्शन सुरू करा." औषधाआधी रक्त काढून तपासणीच्या बाटलीत भरायचं असतं. डॉक्टरीणबाई ती बाटली हातात घेऊनच आल्या होत्या. फोन झाल्यावर त्यांनी ती बाजूला ठेवली आणि आधी इंजेक्शन दिलं.

शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला कुणाची ओळख नव्हती. त्याचं रक्त आधी घेतलं, जंतू कळला, नेमकं औषध मिळालं. काल तो चालत घरी गेला.

आपलं रक्त मागाहून घेतलं. बाटलीत काही उगवलंच नाही. आधीच्या इंजेक्शनने जंतू दबले होते, मेले नव्हते. डॉक्टर अंदाजाने औषधं बदलत राहिले, आणि तुझं रोजचं एकच, "याहून भारी नाही का त्यांच्याकडे?"

नंतर अण्णांचं पुन्हा रक्त घेतलं, काल तपासणीवाल्या बाईंनी त्याची बशी दाखवली. तीत जंतू वाढवून वर औषधांच्या टिकल्या ठेवतात. औषध लागू पडलं की टिकलीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. अण्णांच्या बशीत जंतू टिकल्यांना खेटून वाढले होते.

"काका, हा दवाखान्यातलाच जंतू. बरीच औषधं पचवून बसलाय," त्या म्हणाल्या. तुझ्या फोनने तो असा झाला नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पण हाताशी होते ते दिवस गेले ना रे.

आता एकच औषध उरलंय. त्याने मूत्रपिंडं जाऊ शकतात, आणि अण्णांची आधीच थकलेली. नाही दिलं तर अण्णा जातील. मोठे डॉक्टर म्हणाले, "घरच्यांनी ठरवा."

अण्णांना विचारलं. "तुम्ही दोघं ठरवा, भांडू नका," म्हणाले. मग डोळे मिटले. मला वाटलं, झोपले. तर म्हणाले, "बारक्याला जपून सांग. त्याने माझ्यासाठीच केलं." म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं.

मी हो म्हणून आलो, तुला न विचारता. हा कागद वाचशील तेव्हा औषध सुरू झालेलं असेल. देवाकडे ताप उतरू दे म्हणावं की मूत्रपिंडं राहू दे? दोन्ही मागायला जीभ रेटत नाही.

निघून ये. कुणाला सांगून ठेवू नकोस, कुणाला मध्ये घालू नकोस. अण्णांजवळ नुसता बस. मला काय बोलायचं ते बाहेरच्या बाकावर बोल.

तुझ्यावर चिडलेला, तुझी वाट बघणारा,
दादा