तेवीस दिवसांचा भुर्दंड

प्रिय भिंगरे,

मी पणजी होणार, हे काल दुपारी कळलं आणि तेव्हापासून माझं एका जागी बूड टेकत नाही. दोनदा दूध उतू घालवलं, डोळ्यावरचा चष्मा घरभर शोधला. अक्षर वेडंवाकडं आहे, चालवून घे, शाळा तिसरीपर्यंतच.

तू रागावलीयस. तुझी आत्या फोनवर म्हणाली, "आई, जमत नसेल तर नाही म्हणायचं. आई नसलेल्या पोरीला टांगून कशाला ठेवलंस?" मी म्हटलं, कसली पोर, कसलं टांगणं? तेव्हा उलगडलं. बाळंतपणाला येशील का, आठवड्यात कळव, अशी मेल तू मला पाठवली होतीस, आणि माझं हूं नाही की चूं नाही.

आता माझा गाढवपणा ऐक. तू फोनमध्ये मेल घालून दिलीस तेव्हा मी काय हरखले. पत्र आलं की उत्तर द्यायचं, ही आपल्या घरची रीत. गुडघ्याच्या तेलवाल्याला कळवलं, गुडघे बरे आहेत, तुमच्या घरचे कसे? बक्षीसवाल्याला लिहिलं, एखाद्या गरजूला द्या. एकानं मला 'आदरणीय' लिहिलं होतं, तुझ्या आजोबांनी जन्मात म्हटलं नाही! त्याला तर मी अर्धा तास खपून लिहिलं. झालं, घरात माणूस आहे हे त्यांना कळलं, आणि दिवसाला दोनशे यायला लागल्या. शेवटी मी कंटाळून बघायचंच सोडलं. शेजारच्या मास्तरीणबाईंनी काल तासभर उपसलं, तेव्हा तुझी मेल सापडली. पोट कमी करायच्या पट्ट्याच्या जाहिरातीखाली, छताच्या रंगाच्या जाहिरातीवर. तेवीस दिवसांपूर्वीची.

आजोबा पोस्टमन होते, आठवतं ना? बिनतिकिटाचं पत्र आलं की घेणाऱ्याकडून दुप्पट वसूल करायचे, नॉटपेड म्हणायचे त्याला. पण ते नाकारायची तरी सोय होती. इथे पाठवणारा एका बोटानं लाख घरांत टाकून मोकळा, आणि खडे निवडत बसायचं आपण. मला वाटायचं, माझं काय जातंय, दुपार तर जाते. भुर्दंड माझ्यावर पडलाच नाही गं. तो तू भरलास, तेवीस दिवस, आजी नको म्हणाली असं समजून.

फोन तू उचलत नाहीस, आणि मेलवर आता माझा भरवसा नाही. म्हणून आज पहाटेच्या गाडीनं आले. तुझी बेल वाजवली, आत पावलं दारापर्यंत आली आणि परत गेली. माझीच नात, अशीच वागणार. तेव्हा जिन्यात बसून हे लिहिलं, दाराखालून सरकवते आहे. माझं उत्तर हो आहे, पहिल्या दिवसापासून हो. बाळ रांगेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मीही गप्प राहीन. जमणार नाही, पण बघीन. कडी काढ.

तुझीच,
आजी