भिंतीकडे वाहिलेलं मेण

मंगळवार, संध्याकाळ

बुद्धवंदनेची मेणबत्ती आजकाल रोज अर्धीच उरलेली सापडते. आधी जरीपटका बाजारातल्या दुकानदारावर संशय घेतला, मेण हलकं देतो म्हणून. मग वाटलं, वात लांब राहते, म्हणून भराभर वितळत असेल. वात कातरली. तरी तेच! आणि मेण सगळं भिंतीकडे वाहिलेलं. म्हणजे कूलरचा वारा. पण मी तर कूलर बंद करूनच मेणबत्ती लावते. मग माझ्या मागे कोण लावतं? दुपारी घरात सासूबाई एकट्याच. काल विचारलं, तर म्हणाल्या, "मले काय माहीत वं?" मला काही ते पटलं नाही.

आज मुद्दाम ऑफिसातून दुपारीच निघाले. घरात कूलर सुरू, पडदे ओढलेले, बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती, आणि सासूबाई हात जोडून बसलेल्या. मेण भिंतीकडेच वाहत होतं. सापडल्या एकदाच्या, वाटलं मला.

"इतक्या रातीची येऊन राहिली वं? मी घेतली वंदना."

मी पडदा सरकवला. बाहेर उन्हाचा नुसता भडका. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"आज लवकरच उजाडलं वं," म्हणाल्या.