सपाट बुडाचा तवा

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१२ जानेवारी २०२५

ती. अक्कास,
कृष्णातचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की शेजारचे दारात येऊन उभे राहतात, म्हणून हे पत्र. माझी मालन गेली आणि तिच्या तेराव्यालाच तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं जे ठरवलंत, ते मला मान्य नाही. घराला कुलूप लावून सहा महिने पुण्याला विजयसिंहाकडं आणि सहा महिने गगनबावड्याला तुझ्याकडं, असा मी फिरणार नाही. मी इथंच राहणार आणि हातानं करून खाणार.

गॅस एकदा चालू राहिला, हे खरं. त्यावरून विजयसिंहानं सिलिंडर काढून नेला आणि ही विजेची काचेची शेगडी आणून ठेवली. जाताना म्हणाला, की महिन्याभरात हिच्यावर दोन वेळचं जमलं नाही तर बाबांनी मुकाट गाडीत बसायचं. पोराला वाटलं म्हातारा आठ दिवसांत हरेल. पहिल्या दिवशी हरलोच. मालनची पितळी पातेली, हिंडालियमचा कुकर, एकालाही शेगडी दाद देईना. नुसती पीं पीं करून बंद. मग ध्यानात आलं, लोहचुंबक चिकटेल तेच भांडं हिला चालतं. अक्का, चाळीस वर्षं मी फाउंड्रीत बीड ओतलंय. धातू मला कुणी शिकवायला नको.

चुंबक खिशात घालून भांड्यांच्या दुकानात गेलो आणि प्रत्येक बुडाला लावून बघितला. स्टीलमध्येही एकाला चिकटतो, दुसऱ्याला नाही. दुकानदार वैतागून म्हणाला, की पावणं, भांडी घ्यायला आलाय का झडती घ्यायला. दोन जाड बुडाची पातेली आणि एक बिडाचा तवा घेऊन आलो. आता बघतोच.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा
कृष्णात

गगनबावडा
२० जानेवारी २०२५

चि. कृष्णातास अ. आ.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग काळजी लागली. आपल्या आबांनी जन्मात पाण्याचा तांब्या हातानं भरून घेतला नाही आणि तू पीठ मळणार. मालन होती तोवर चहात साखर किती टाकतात हेही तुला ठाऊक नव्हतं. भावकी काय म्हणेल याचा विचार कर. पोरानं टाकलं, बहिणीनंही विचारलं नाही, असंच म्हणतील. त्यांची तोंडं मी कुठवर धरू?

माझ्या आदर्शनं तुझ्यासाठी माडीवरची खोली रंगवून घेतलीय. भात-आमटी तू कशीबशी करशील, पण भाकरी तुला जमायची नाही, पैजेवर सांगते. आणि भाकरीशिवाय तू किती दिवस काढशील? गुमान कुलूप लाव आणि ये.

हट्ट सोडलास तरी तुझी, न सोडलास तरी तुझीच,
अक्का

मंगळवार पेठ, कोल्हापूर
४ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास सा. न. वि. वि.

पैज हरलीस. आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे तुला बरं वाटेल. पंधरा दिवस भाकरी मधोमध काळी आणि कडेला कच्ची. पिठाला दोष दिला, हाताला दिला, शेगडीला तर शिव्याच दिल्या. शेवटी तवा पालथा घालून त्यावर लोखंडी पट्टी आडवी धरली, तर बूड फुगीर. चुंबक चिकटला म्हणून मी खूश, पण तवा काचेला टेकत होता रुपयाएवढाच. मी चुंबक लावला आणि पट्टी लावायला विसरलो. फाउंड्रीत असं केलं असतं तर फोरमननं दिवसभर उन्हात उभं केलं असतं.

तवा पिशवीत घातला आणि उद्यमनगरात माझ्या जुन्या जोडीदाराकडं, केरबाकडं गेलो. त्यानं विचारलं, ह्यो कुठल्या मशीनचा भाग हाय. मी म्हटलं, माझ्या जेवणाचा. हसून हसून त्याला ठसका लागला, पण लेथवर धरून बूड आरशासारखं सपाट करून दिलं. आता भाकरी फुगते. जाळ नाही, म्हणून तव्यावरच फडक्यानं कडा दाबत फिरवायची. रविवारी विजयसिंह मला न्यायला आला. जेवायला बसला, तिसरी भाकरी मागून घेतली आणि एकटाच परत गेला.

भावकीला काय म्हणायचं ते म्हणू दे. तुला मात्र एक विचारतो. मालन गेली त्या दिवशी तू उंबऱ्यावर बसून रडलीस, की आता माझं माहेर संपलं. आणि तूच मला कुलूप लाव म्हणतेस? मी इथं राहतो तो माझ्या हट्टानं, ते कबूल. पण तुझं माहेर संपलं, हे मला कबूल नाही.

उत्तर लवकर धाड. माया आहेच, ती मागत नाही.
कृष्णात

गगनबावडा
११ फेब्रुवारी २०२५

चि. कृष्णातास अ. आ.

पत्र तीनदा वाचलं. बावन्न वर्षं या घरात भाकऱ्या थापतेय. तव्यावरची दुसऱ्याच्या ताटात जाते आणि मी सगळ्यांच्या मागून दुरडीतली गार खाते. कुणी मुद्दाम केलं असं नाही, तशीच रीत पडली. माहेरी आले की तेवढी मालन मला बळंच पाटावर बसवायची आणि गरम वाढायची. त्या दिवशी मी रडले ती तिच्यासाठी आणि त्या ताटासाठीही. आज लाज सोडून लिहिते.

मी तुझ्याकडं येते म्हटल्यावर आदर्श म्हणाला, की मामाकडं जाऊन तुलाच रांधावं लागेल, त्यापेक्षा मामालाच इकडं आणू. मी त्याला सांगितलं, की मामा कुठं बी येणार न्हाय आणि मी चाललेय. चार दिवस तिथं हाताला पीठ लावणार नाही, हेही सांगितलं.

शनिवारी सकाळच्या एसटीनं येते. स्टँडवर येऊ नकोस, पीठ मळून ठेव. मी पाटावर बसल्याशिवाय तवा तापवू नकोस.

तुझी भुकेली
अक्का